फरक सांगा, पण कशासाठी?

'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न आपण सगळ्यांनीच शाळेत सोडवलाय. मधे उभी रेघ, डावीकडे अ, उजवीकडे ब, मुद्दे मोजून मार्क. तिथे ते ठीकच होतं. पण कॉलेजात आल्यावरही ती रेघ डोक्यातून जात नाही. आपण तिच्या दोन बाजू एकाखाली एक लिहितो आणि त्याला तुलनात्मक परिच्छेद म्हणतो. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

गेल्या वर्षी मीही हेच केलं. विषय होता ज्ञानेश्वरी आणि फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण. आधी ज्ञानेश्वरी: 1290 साल, गीतेवरची टीका, सुमारे नऊ हजार ओव्या. मग क्रिस्तपुराण: 1616 साली राशोलला रोमन लिपीत छापलं, बायबलमधली कथा, सुमारे अकरा हजार ओव्या. माहिती सगळी बरोबर. सरांनी खाली एकच शब्द लिहिला, 'मग?'

राग आला. पण पुन्हा वाचल्यावर कळलं, माझे दोन ग्रंथ एकाच बाकावर बसले होते आणि एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते.

मग परत लिहायला बसलो. आधी दोघांत सारखं काय ते शोधलं, कारण ते सापडल्याशिवाय फरकाला काही अर्थच नाही. (नारळ आणि रेल्वे यांच्यातही पन्नास फरक निघतील.) दोन्ही ग्रंथ ओवीत आहेत आणि दोघांनीही ग्रंथात मराठीची थोरवी गायली आहे. तेवढं एकच सूत्र धरलं:

'ज्ञानदेव आणि स्टीफन्स दोघेही ओवीतून मराठीचं कौतुक करतात, पण दोघं उभे आहेत वेगळ्या जागी. गीतेचं तत्त्वज्ञान आपल्याच लोकांच्या भाषेत उतरवायचं, हे ज्ञानदेवांचं काम; स्टीफन्स मात्र 1579 साली गोव्यात आलेले इंग्रज, त्यांना ही भाषा मुळात शिकावी लागली. म्हणून ज्ञानदेव आपली मराठी अमृताहूनही गोड ठरेल असं सांगतात, तर स्टीफन्स फुलं, रत्नं, सुगंध यांतलं उत्तम ते निवडून मराठीला त्याची उपमा देतात. पहिल्यात घरच्या माणसाचा विश्वास आहे, दुसऱ्यात पाहुण्याचं आश्चर्य.'

ओव्यांचे आकडे गेले. रोमन लिपी काढताना तर जीवावर आलं, पण ती वाचक कोण होते या मुद्द्यात शोभेल, इथे नाही. आणि 'मात्र', 'तर' हे दोन छोटे शब्द किती काम करतात बघा! एका वाक्यात दोघांना समोरासमोर आणतात.

काही जण म्हणतील, आधी एकाचं सगळं सांगून मग दुसऱ्याकडे वळलं तर काय बिघडलं? चार पानांच्या निबंधात चालेल. तिथे मागचं आठवून द्यायला जागा असते. दहा ओळींच्या परिच्छेदात नाही. सातव्या ओळीवर पोचेपर्यंत वाचक दुसरीतलं विसरलेला असतो, मग जुळवाजुळव त्याने करायची का? ती लिहिणाऱ्याची मेहनत आहे. वाचकाला एक बाजू तोंडपाठ असेल तरच मी ही सूट देईन. दोन्ही बाजूंना सारख्या ओळी द्यायच्या, हाही तक्त्याचाच हट्ट. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहावं.

नवा परिच्छेद सरांना दाखवला. या वेळी 'मग?' नव्हतं. 'पाहुण्याचं' या शब्दाखाली रेघ होती आणि बाजूला प्रश्न: 1619 मध्ये मरेपर्यंत चाळीस वर्षं गोव्यात राहिलेला माणूस पाहुणा कसा?

शब्द बदलायचा की तुलनाच, हे अजून ठरत नाहीये.