संगणकाची क्षणभंगुर स्मृती

संगणकाची ‘स्मृती’ हा शब्द आम्हां भाषेच्या माणसांना थोडा खटकतो. आपल्याकडे स्मृती म्हणजे टिकणारी गोष्ट. संगणकातील ‘रॅम’ मात्र वीज बंद होताच सारे विसरते. शाळेच्या भाषेत सांगावयाचे तर हार्डडिस्क हे दप्तराचे कपाट आणि रॅम हा वर्गातील फळा. फळा लहान असला की गुरुजींचा निम्मा तास पुसण्यात आणि पुन्हा लिहिण्यात जातो. जुना लॅपटॉप मंदावतो तो पुष्कळदा याच कारणाने.

काचीगुड्यातील आमच्या परिचयाच्या एका भगिनींनी २०२० साली, शाळा बंद पडल्या तेव्हा, कन्येसाठी चार जीबी रॅमचा लॅपटॉप घेतला होता. आता ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवे यंत्र घ्यावे तर तिच्या शुल्काचे पैसे त्यात जाणार, न घ्यावे तर प्रकल्प अडणार, अशी त्यांची कोंडी झाली होती. एका दुकानदाराने यंत्र न उघडताच ‘नया लेलो अम्मा’ असा निकाल दिला होता. आम्ही त्यांना सिकंदराबादेस पार्क लेनवरील चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये घेऊन गेलो. तेथे मागचे झाकण काढल्यावर एक खाच रिकामीच निघाली! आठ जीबीची पट्टी बसली, यंत्र चालू लागले आणि शुल्कही वेळेवर भरले गेले.

प्रत्येक घरी असे घडेलच असे नाही. पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य पट्टीवरच डाखलेली असते. तेथे इलाज नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी’ पाहावी. नेहमीची कामे चालू असता वापर सतत नव्वद टक्क्यांवर असेल, तर स्मृती अपुरी समजावी. खाचांचा आकडाही तेथे दिसतो, पण डाखलेली चिपसुद्धा त्यात मोजली जाते. म्हणून उत्पादकाचे माहितीपत्रक पाहावेच. यंत्रात जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर आमच्या मते आधी एसएसडी बसवावी.

पट्टीची जातही जुळावी लागते. लॅपटॉपच्या डीडीआर-४ पट्टीला २६० टोके असतात, डीडीआर-५ ला २६२. मधली खोबणही निराळ्या जागी. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, बळ करू नये. घरीच बसवावयाची तर चार्जर काढावा, आतील बॅटरीची जोडणी सोडवावी आणि अंगावरील स्थिर वीज उतरावी म्हणून मोकळ्या धातूला हात लावावा. पट्टी तिरकी सरकवून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या चापा टक्‌कन लागतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सिद्ध झाला. त्याची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने १० केबी. वरील मुलीच्या बोटभर पट्टीत त्याच्या आठ लाखांहून अधिक पट जागा आहे, तरी ती पुरेल किती दिवस कोण जाणे!

बाजाराचे वारे मात्र फिरले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडे चिपा वळल्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉन कंपनीचे मोठे केंद्र २०१९ पासून आपल्याच हैदराबादेत आहे. तिनेही डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ ही घरगुती ग्राहकांची शाखा बंद करीत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे वापरलेली पट्टी घेण्याची वेळ कुणावर आली, तर पावती मागावी, ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ ही चाचणी दुकानातच पूर्ण चालवून घ्यावी आणि आपली जुनी पट्टी काढली असल्यास ती न विसरता परत घ्यावी. तिलाही आता गिऱ्हाईक आहे.