नकाराची कैफियत

संगणकाच्या पडद्यावर ‘परवानगी नाकारली’ एवढे दोनच शब्द उमटावेत, ज्याच्या वाट्याला ते आले त्या इसमाने आपली फाइल, तिचा मालक आणि तिच्यावरील वाचन-लेखनाचे हक्क तपासून सारे यथास्थित असल्याची खात्री करून घ्यावी, आणि तरीही तोच नकार पुन्हा पुढे यावा, असा प्रसंग लिनक्स वापरणाऱ्या महाविद्यालयांत, ग्रंथालयांत आणि कचेऱ्यांत आता नवलाचा राहिलेला नाही. त्यावरचा उपायही तितकाच सरावाचा झाला आहे. व्यवस्थापकाला बोलावणे जाते, तो आपल्या सर्वाधिकारी खात्यातून सुरक्षाधोरणाचा अंमल स्थगित करणारा एक हुकूम सोडतो, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तरी ती स्थगिती टिकावी म्हणून मांडणीच्या फाइलीतही तशी नोंद करतो, अडलेले काम मार्गी लागते, आणि ‘तेवढ्यापुरता’ उठवलेला तो अंमल पुढे महिनोन् महिने उठलेलाच राहतो. हा शिरस्ता मोडला पाहिजे असे माझे मत आहे. मात्र ज्या व्यवस्थेची बाजू मी घेणार आहे तिच्याविरुद्धही माझी एक तक्रार आहे, आणि ती राखून ठेवून वकिली करणे मला प्रशस्त वाटत नाही.

युनिक्सच्या जुन्या परंपरेत फाइलीवरचे हक्क हे मालकाच्या मर्जीचे हक्क होत. आपले लिखाण कोणी वाचावे, कोणी बदलावे, कोणी चालवावे हे मालकाने ठरवावे, आणि ‘रूट’ नावाच्या कुलमुखत्याराने या साऱ्या मर्जींच्या वर असावे, अशी ती घडी होती. तिच्यातला धोका असा की माणसाने चालवलेला प्रत्येक प्रोग्राम त्या माणसाचे सगळे अधिकार बरोबर घेऊनच चालतो, आणि म्हणून प्रोग्राम फितूर झाला की धन्याचे सर्वस्व त्याच्या हाती जाते. मालकाच्याही मर्जीवर न सोपवलेले, वरून घालून दिलेले नियंत्रण असावे हा विचार लष्करी गोपनीयतेच्या गरजेतून पुढे आला. बेल आणि लापाड्युला या संशोधकांनी १९७३ च्या सुमारास त्याला गणिती रूप दिले. या विचारपरंपरेतली एसई-लिनक्स ही व्यवस्था अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, डिसेंबर २००० मध्ये मूळ संहितेसह खुली केली, आणि २००३ साली २.६ या आवृत्तीबरोबर ती लिनक्सच्या मुख्य गाभ्यात दाखल झाली. परक्यांचे संदेश ऐकणे हाच जिचा व्यवसाय त्या संस्थेने कुलूप घडवावे आणि जगाने ते आपल्या दाराला लावावे, यातला विरोधाभास कोणाच्याही नजरेतून सुटलेला नाही. पण संहिता उघडी असल्यामुळे ती वीसहून अधिक वर्षे संशयी नजरांखालून गेली आहे, आणि हा मजकूर आपण अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून त्या फोनांतही हिचाच पूर्ण अंमल चालू आहे.

या व्यवस्थेत प्रत्येक फाइलीला आणि प्रत्येक चालत्या प्रक्रियेला एक ओळखचिठ्ठी लावलेली असते, तिच्यावर वापरकर्ता, भूमिका, प्रकार आणि पातळी यांची नोंद असते, आणि धोरणात ज्या व्यवहाराची स्पष्ट मुभा नाही त्याला मनाई, हा मूलनियम असतो. माणसांच्या खात्यांनाही तीत दर्जे आहेत. ‘गेस्ट’ दर्जाच्या खात्याला इंटरनेटही नाही, चित्रमय पडदाही नाही, ‘एक्स-गेस्ट’ला पडदा आहे आणि ब्राउझरपुरते इंटरनेट आहे, ‘यूजर’ दर्जाला ही दोन्ही आहेत, पण ‘सूडो’च्या वाटेने मोठे अधिकार धारण करण्याची मुभा नाही, ‘स्टाफ’ला ती आहे. गंमत अशी की फेडोरा आणि रेड हॅट या लिनक्स-वितरणांच्या मूळ मांडणीत नवे खाते यांपैकी कोणत्याच दर्जात बसत नाही, ते ‘अनकन्फाइन्ड’ म्हणजे जवळजवळ निर्बंधमुक्त असते. त्यामुळे वेब सर्व्हरसारख्या सेवांवरचा बंदोबस्त वर्षानुवर्षे हजारोंच्या हाताळणीने घासूनपुसून नीट झाला. माणसांच्या मर्यादित खात्यांवरचा मात्र थोड्यांनीच वापरला, आणि जो व्यवस्थापक काळजीपूर्वक ही खाती निर्माण करतो त्यालाच त्यातले खाचखळगे सोसावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना ‘गेस्ट’ दर्जाची खाती आहेत, आणि स्वतःच्या फोल्डरातला कोणताही प्रोग्राम त्यांना चालवता येऊ नये म्हणून ‘गेस्ट-एक्झेक-कंटेंट’ नावाची कळ बंद ठेवलेली आहे. एक विद्यार्थिनी सी भाषेत धडा लिहिते, तो कंपाइल करते, तयार झालेल्या फाइलीवर ‘चालवण्याचा’ हक्क स्वच्छ दिसतो, आणि चालवू जाता नकार मिळतो. व्यवस्थापकाने अशा वेळी ऑडिटचा रोजनामा उघडावा. ‘ए-यू-सर्च’ या साधनाने नेमकी नोंद बाहेर काढली की तीत सारा तपशील सापडतो: कोणती कृती नाकारली, ती करू पाहणाऱ्या प्रक्रियेची चिठ्ठी कोणती, ज्या फाइलीवर ती करायची होती तिची चिठ्ठी कोणती. ती नोंद ‘ऑडिट-टू-व्हाय’च्या हाती दिली तर कोणती कळ आड आली हेही ते नावानिशी सांगते. रोजनाम्यात अशी नोंदच नसेल तर बहुधा जुन्या मर्जीच्या हक्कांनीच वाट अडवलेली असते, कारण त्यांची तपासणी आधी होते आणि तिथे नकार मिळाला की मामला धोरणापर्यंत पोहोचतच नाही.

इथपर्यंतचे काम यंत्राचे झाले, आणि खरा निर्णय इथून पुढे सुरू होतो. सी शिकवणाऱ्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला आपला प्रोग्राम चालवता येऊ नये हे हास्यास्पद आहे, तिथे ती कळ उघडलीच पाहिजे. उलट वाचनालयाच्या दालनात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मांडलेल्या यंत्रावर तीच कळ बंद असणे सर्वथा योग्य आहे. नकार तोच, नोंदही अक्षरशः तीच, पण निकाल उलट. ‘बंद करून टाका’ म्हणणारा व्यवस्थापक हा विचार करण्याचे नाकारतो, आणि माझा मुख्य आक्षेप त्याच्या अज्ञानावर नसून या टाळाटाळीवर आहे. (जाता जाता हेही नोंदवावे की ती कळ बंद असली तरी शेल स्क्रिप्ट थेट ‘बॅश’च्या हाती दिली तर ती चालते, कारण मग फाइल केवळ वाचली जाते, बंदी घालणाऱ्यांना आपल्या बंदीची हद्द ठाऊक असतेच असे नाही.)

पुष्कळ नकारांत तर नियम निर्दोष असतो आणि चिठ्ठीच चुकलेली असते. घरच्या फोल्डरातली फाइल ‘एमव्ही’ने वेब सर्व्हरच्या फोल्डरात हलवली तर ती जुनी चिठ्ठी घेऊन जाते आणि सर्व्हरला ती वाचता येत नाही, ‘सीपी’ने नक्कल केली तर तिला नव्या जागेची चिठ्ठी मिळते. ‘रिस्टोरकॉन’च्या एका ओळीने हा घोळ निस्तरतो. खात्याचा दर्जा बदलल्यावर त्याच्या घरच्या फोल्डरातल्या चिठ्ठ्याही नव्याने लावाव्या लागतात, हे मात्र विसरले जाते.

आता माझी तक्रार. धोरणात असेही नियम आहेत की अमुक कृती नाकारावी आणि नाकारल्याची नोंदही करू नये. त्यांना ‘डोंट-ऑडिट’ म्हणतात. निरुपद्रवी प्रोग्राम नसत्या जागी डोकावत असतात आणि त्यांच्या प्रत्येक डोकावण्याची नोंद ठेवली तर रोजनामा कचऱ्याने भरून जाईल, हे त्यामागचे कारण समंजस आहे. परंतु मर्यादित खात्यावर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहा: काम अडले, कारण सांगितले नाही, आणि व्यवस्थापकाने दफ्तर उघडले तर तिथेही चिटपाखरू नाही. ‘सेमॉड्यूल’ला ‘डीबी’ हे पर्याय देऊन ही मूक नकारांची झाकणी काढता येते आणि काम झाल्यावर पुन्हा घालता येते, पण हे ठाऊक नसलेला मनुष्य धोरण निर्दोष ठरवून भलतीकडेच शोध घेत बसतो. शिवाय मूळ मांडणीत रोजनामा सर्वाधिकाऱ्यावाचून कोणालाही वाचता येत नाही. घुसखोराला नकाराचे कारण कळू नये हे मला मान्य आहे. पण सज्जन वापरकर्त्यालाही घुसखोराच्याच रांगेत उभे केले जाते, त्याला नकाराचा साधा क्रमांकदेखील मिळत नाही, हे मला मान्य नाही.

आणि एक दोष असा की तो कर्तव्यदक्षतेच्या वेषात येतो. ‘ऑडिट-टू-अलाउ’ हे साधन रोजनाम्यातल्या नकारांना उलटे करून तेवढ्या मुभांचा नवा नियम रचून देते, आणि नकाराचा अर्थ मनुष्यभाषेत सांगण्यासाठी निर्मिलेला ‘सेट्रबलशूट’सुद्धा दुसरे काही सुचेनासे झाले की, हा दोष निर्मात्यांना कळवा असे म्हणून, अखेर त्याच साधनाकडे बोट दाखवतो. ज्याने रोजनामा वाचलाच नाही त्याने असा नियम चढवला तर व्यवस्था ‘चालू’ दिसते, तपासनीस समाधानाने शेरा मारतो, आणि चुकलेल्या चिठ्ठीच्या पायी दिलेली सरसकट सूट मात्र धोरणात कायमची वस्तीला राहते. अंमल उघडपणे उठवणारा निदान काय केले ते लपवत तरी नाही.

व्यवस्थापकांची बाजूही खरी आहे. धोरण दूर कुठेतरी लिहिले जाते, त्याला इथल्या प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम ठाऊक नसतो, आणि परीक्षेच्या सकाळी दालनभर मुले बसलेली असताना रोजनामा वाचण्याइतकी सवड नसते. तशा वेळीदेखील सबंध यंत्राचा अंमल उठवण्याचे कारण नाही, कारण ‘सेमॅनेज परमिसिव्ह’ने एकाच प्रकाराच्या प्रक्रियांना सूट देता येते, त्यांचे अपराध तेवढे नोंदले जातात आणि बाकी सर्वत्र पहारा कायम राहतो. व्यवस्था पुरतीच बंद करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की त्या काळात जन्मलेल्या फाइलींना चिठ्ठ्याच लागत नाहीत, म्हणून पुन्हा अंमल सुरू करायचा तर सगळ्या डिस्कला नव्याने चिठ्ठ्या लावत बसावे लागते. आणि फेडोराचे पासवर्डविना चालणारे ‘एक्स-गेस्ट’ खाते तर पूर्ण अंमल चालू असेल तरच आत घेते, तेव्हा पाहुण्याची अडचण दूर करण्यासाठी अंमल उठवला की पाहुणाच बाहेर राहतो.

मर्यादित खाती देणाऱ्या संस्थांकडे माझे मागणे माफक आहे. खाते हाती देतानाच त्यावर काय करता येणार नाही हे साध्या मराठीत लेखी द्यावे, दिलेल्या प्रत्येक सवलतीपुढे ती देणाऱ्याचे नाव आणि तिची मुदत लिहावी, आणि नकाराच्या तक्रारीत तो मिळाल्याची वेळ मिनिटासह लिहून घ्यावी, कारण ‘ए-यू-सर्च’ला वेळ दिली की हजारो ओळींच्या रोजनाम्यातून नेमकी नोंद निघते, आणि वेळ नसली की व्यवस्थापकाचा हात पुन्हा त्या जुन्या हुकमाकडे वळतो.