कॉफी राहू द्या, चहाची वेळ विचारा

गरोदरपणातल्या कॉफीबद्दलची माहितीपत्रकं वाचली की ती मंगरूळपीरसाठी नाही, बंगळूरसाठी लिहिली असावीत असं वाटतं. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्याला, म्हणजे आपल्या वऱ्हाडातच. तरी इथल्या स्वयंपाकघरात ती पाहुण्यापुरती येते, तीही पुडीतून. गर्भवतीच्या पोटात कॅफीन जातं ते चहातून.

आकडे आपल्याला ठाऊक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅफीन घेणाऱ्या गर्भवतींना ते कमी करायला सांगितलं. ब्रिटन आणि अमेरिकेतले तज्ज्ञ २०० ची मर्यादा पाळतात. आपणही २०० च धरावी, कारण शेवटच्या तिमाहीत कॅफीन निम्मं व्हायला पाच तासांऐवजी पंधरा तासांपर्यंत लागतात आणि गर्भाला ते पचवता येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५, तर तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. घरचे लहान कप चार-पाच झाले तरी मर्यादा सहसा ओलांडत नाही. कोला आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतलं कॅफीन मात्र त्यात मिळवायला विसरू नये. एनर्जी ड्रिंक तर नकोच. तशी सूचना डब्यावरच छापलेली असते.

खरी अडचण कॅफीनची नाहीच, रक्ताची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. आपण १८० दिवस लोहाच्या लाल गोळ्या देतो, कार्डावर खूण करतो. घेता का, असं विचारलं की उत्तर येतं, “घेतो ना, च्यासंगंच घेतो.” गोळीनं मळमळतं, चहानं तोंडातली गोळीची चव जाते, तिच्या बाजूनं ते अगदी बरोबर आहे. पण चहातली टॅनिनं लोह आतड्यातच बांधून ठेवतात. १९८३ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात जेवणासोबतच्या कॉफीनं लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहानं ६४ टक्क्यांनी. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीनं काहीच बिघडलं नाही. जेवणानंतर तासाभरानं घेतली तेव्हा मात्र सोबत घेतल्याइतकीच घट झाली. म्हणून ‘जेवणानंतर तासाभरानं चहा चालेल’ हा आपला नेहमीचा सल्ला मला तोकडा वाटतो. दोन तास सांगावेत.

त्यात कॅल्शियमची गोळी लोहासोबत चालत नाही, ती जेवणांबरोबर द्यायची. मग लोहाची कधी? ‘रात्री जेवल्यावर दोन तासांनी’ हे कागदावर शोभतं. दिवसभर निंदण करून आलेली बाई तोवर झोपलेली असते. त्यापेक्षा तिचा दिवस तिच्याच तोंडून ऐका: पहिला चहा कधी, वावरात भाकर कधी सोडते, परतल्यावर चहा कधी. त्यात दोन तासांची फट सापडते, बहुधा दुपारी. गोळी पाण्यासोबत, जमलं तर लिंबू पिळून. वेळ कार्डावर लिहा आणि घरी चहा जिच्या हातचा असतो त्या सासूबाईंनाही सांगा.

चहा सोडा, असं सांगण्याच्या फंदात पडू नये. पहिल्या तिमाहीत पोटात टिकणारी तीच एक गोष्ट असते कित्येकींची. फक्त चहावर दुपार निघत असेल तर चौकशी करा, कारण चहा भूक मारतो.

आणि दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणीला आलेल्या बायांना गोळ्यांच्या पाकिटासोबत चहा-बिस्किटं दिली जात असतील, तर पुढच्या वेळी लिंबू सरबत ठेवा.