माउस घ्यायला जाताना लॅपटॉप सोबत न्या

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या भागात आता घरोघरी लॅपटॉप आला आहे. कुणाच्या मुलीनं पीयूसीनंतर इंजिनिअरिंगला नंबर लागला म्हणून नवा घेतला, कुणी हैदराबादहून वापरलेला आणला. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात पहाणी काढायला आणि दाखल्यांचे अर्ज भरायला तोच दिवसभर चालू असतो. टचपॅडवर बोट घासून घासून मनगट दुखायला लागतं, तेव्हा वायरलेस माउसचा विषय निघतो. पाच-सातशेचीच वस्तू, म्हणून जी समोर येईल ती उचलली जाते. चार-सहा महिन्यांत तिचं बटण जातं आणि पुन्हा तेवढेच पैसे मोजावे लागतात. ज्या घरात पाचशे रुपये म्हणजे एका माणसाची रोजची मजुरी आहे, त्या घरानं ही खरेदी डोळसपणे करावी, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट, वायरलेस लागतोच का ते ठरवा. लॅपटॉप एकाच टेबलावर राहत असेल, तुम्ही सेवा केंद्र चालवत असाल किंवा दिवसभर कन्नडमधले अर्ज भरत असाल, तर वायरवाला माउस घ्या. नावाजलेल्या कंपनीचा साधारण २५० ते ४०० रुपयांत मिळतो. त्यात सेल नाही, हरवायला डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) नाही, आणि गिऱ्हाईक रांगेत उभं असताना तो बंद पडत नाही. वायरलेसचा खरा उपयोग लॅपटॉप पिशवीत घालून कॉलेज, वसतिगृह, घर असा फिरणाऱ्यांना. त्यांनी ५०० ते ८०० रुपये धरून चालावं. लॉजिटेक, एचपी, डेल, लेनोवो, झेब्रॉनिक्स यांचे साधे माउस बहुधा याच किमतीत बसतात. दोनशे रुपयांच्या बिननावाच्या माउसच्या वाटेला जाऊ नका. त्याचा दिवा छान लागतो, पण आतलं बटण हलक्या दर्जाचं असतं.

खोक्यावर ३२०० किंवा त्याहून मोठा डीपीआयचा, म्हणजे माउस हलवल्यावर स्क्रीनवरचा बाण किती सरकतो त्याचा, आकडा छापलेला दिसेल. त्यासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका. अभ्यास, एक्सेल आणि अर्ज भरण्याला १००० डीपीआय भरपूर झाला. हाताला बसणारा आकार यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा. पिशवीत मावतो म्हणून इवलासा माउस घेतला, तर मोठ्या हाताची बोटं तासाभरात आखडतात. घरात कुणी डावखुरं असेल तर दोन्ही बाजूंनी सारखा असलेला घ्या.

आता डोंगल की ब्लूटूथ? डोंगलचा माउस लॅपटॉपला लावला की लगेच चालतो, शेजारच्या कॉम्प्युटरलाही लावता येतो. पण डोंगल नखाएवढा. तो हरवला की स्वस्तातला माउस बहुतेक वेळा टाकूनच द्यावा लागतो. ब्लूटूथला ती भीती नाही आणि यूएसबीची जागाही अडत नाही. मात्र जुन्या लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ चालू आहे ना, ते आधी बघा. उलट काही नव्या पातळ लॅपटॉपना फक्त छोटी सी-टाइप जागा असते. तिथं साधा डोंगल बसतच नाही. हे घरी आल्यावर कळण्यापेक्षा दुकानातच कळलेलं बरं.

म्हणूनच लॅपटॉप सोबत न्यायला सांगतो. बिदरला, कलबुर्गीच्या सुपर मार्केट भागात किंवा उदगीरला, जिथं सोयीचं असेल तिथं जा, पण आपल्याच लॅपटॉपला लावून पाहा. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे मुलींना भालकी-बिदर किंवा आळंद-कलबुर्गी सरकारी बसचं भाडंही पडत नाही. दुकानदार माउस खोक्यातून काढून काचेच्या काउंटरवर ठेवेल. तिथं बाण उड्या मारेल किंवा हलणारच नाही, आणि तुम्हाला वाटेल माल खराब आहे. तसं नसतं. माउसच्या पोटात एक बारीक कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो घेतो आणि एका फोटोतली बारीक खूण पुढच्यात किती सरकली यावरून हालचाल ओळखतो. स्वच्छ काचेत त्याला खूणच सापडत नाही. दुकानदाराकडून एक वही मागून घ्या आणि तिच्यावर माउस चालवा.

मग सावकाश तीन कामं करा. एखाद्या फोल्डरवर एकदाच क्लिक करा, असं दहा-पंधरा वेळा. एका क्लिकला फोल्डर उघडत असेल तर बटण एका दाबाचे दोन धरतं आहे, तो माउस ठेवून द्या. नंतर एखादी फाइल पकडून स्क्रीनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढा. मध्येच सुटली तर तोच दोष. शेवटी लांबलचक पान उघडून चाक हळूहळू फिरवा. पान खाली जाता जाता मध्येच वर उसळायला नको. पाच मिनिटं लागतील. मागं गिऱ्हाईक उभं आहे म्हणून संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत.

खोकं नीट वाचा. एमआरपी, बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि ग्राहकसेवेचा नंबर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. नावाजलेल्या कंपनीचं चिन्ह आहे पण हे काहीच छापलेलं नाही, तर तो माल नकली असण्याची शक्यता मोठी. बिल पक्कं घ्या. ‘बिल नको, पन्नास रुपये कमी करतो’ याला भुलू नका, कारण वॉरंटी त्या बिलावर आणि त्यावरच्या तारखेवर मिळते. कंपनीनुसार ती एक ते तीन वर्षांची असते. बिघडल्यास माउस दुकानातच बदलून मिळेल की हैदराबादला न्यावा लागेल, हेही आधीच विचारा. हैदराबाद असेल तर भाडं आणि बुडालेला दिवस धरता ती वॉरंटी आपल्या कामाची नाही. शेजारच्या गल्लीतला, बदलून देणारा दुकानदार पन्नास रुपये जास्त घेत असेल तरी मी त्याच्याकडूनच घेईन. कुणी फसवलंच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथं मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. भाषा अडेल म्हणून गप्प बसणारे आपल्या सीमाभागात खूप आहेत, त्यांना हे मुद्दाम सांगा.

घरी आणल्यावर वायरलेस माउसमध्ये पेन्सिल सेल अल्कलाइनच घाला. दहा रुपयांचा साधा सेल लवकर उतरतो आणि कधीकधी पाझरून आतल्या पट्ट्या गंजवतो. काम झालं की माउसच्या पोटावरचं बटण बंद करा, सुट्टीत सेल काढून ठेवा. बिदरकडची तांबडी धूळ कॅमेऱ्याच्या भोकात बसते. बाण अडखळू लागला तर आधी कोरड्या कापसानं ते भोक पुसा. तरीही अडखळला आणि डोंगलशेजारीच पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल, तर डोंगल दुसऱ्या बाजूला लावून पाहा. निळ्या यूएसबीवर चालणारी उपकरणं डोंगलच्या लहरींत अडथळा आणतात. लॅपटॉप पिशवीत भरण्याआधी डोंगल काढा आणि माउसच्या पोटात त्याच्यासाठी केलेल्या खाचेत बसवा. छापील बिलावरची अक्षरं काही महिन्यांत पुसट होऊ शकतात, म्हणून घरी आल्याबरोबर त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.