जुन्या फियाटचा गारवा

पनवेल आणि आसपासच्या गावांत काही घरांपुढे ताडपत्रीखाली एखादी जुनी फियाट अजून उभी दिसते. अब्बांनी हौसेने घेतलेली ही गाडी विकायला मुलांचे मन होत नाही. सूनबाईंचा सवाल मात्र रास्त असतो : "एसी चालत नाही. मे महिन्याच्या उकाड्यात लेकरांना आणि अम्मींना घेऊन या गाडीतून गावी जायचे कसे?" म्हणून या महिन्यात जुन्या गाडीच्या एसी आणि हीटरविषयी.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही फियाट १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने पिढ्या पाहिल्या. तशी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. बहुतेक गाड्यांत एसी मागाहून, डॅशबोर्डखाली डबा लावून बसवलेला असे.

एसीचे काम समजायला घरचा माठ पाहावा. झिरपलेल्या पाण्याची वाफ होते, ती उष्णता उचलते आणि आतले पाणी गार होते. एसीतला गॅसही तेच करतो. डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये द्रवाचा वायू होतो आणि तो गाडीतली उष्णता शोषतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढच्या कंडेन्सरकडे पाठवतो. तिथे उष्णता बाहेर टाकून तो पुन्हा द्रव होतो. हे चक्र बंदिस्त असते. पेट्रोलसारखा गॅस खर्च होत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळतो आहेच. गळती न शोधता दर उन्हाळ्याला गॅस भरून घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

जुन्या एसीत आर-१२ नावाचा गॅस असे. हवेत सुटला की तो वर पोचतो आणि सूर्याच्या अपायकारक किरणांपासून आपल्याला वाचवणारा ओझोनचा थर झिजवतो. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी हा धोका दाखवला. १९८७ साली माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ साली सामील झाला आणि अशा वायूंचे उत्पादन आपल्याकडेही थांबले. नंतरच्या गाड्यांत आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात त्याचाही वाटा मोठा आहे. म्हणून कोणताही गॅस नळी सैल करून हवेत सोडू देऊ नये. तो यंत्राने काढून घेणारा कारागीरच शोधावा. हवा आपल्या एकट्याची मिळकत नाही.

आता दुरुस्तीचा क्रम. आधी बेल्ट, ब्लोअर, वायरिंग आणि कॉम्प्रेसरचा क्लच तपासावा. कित्येकदा दोष इथेच निघतो. मग नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तिथे गळती. या कामाला ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नये. आतल्या तेलाशी त्याची गाठ पडली तर स्फोट होऊ शकतो.

आर-१२ वरून आर-१३४ए वर जाताना नुसता गॅस बदलून भागत नाही. जुने खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर कोरडा पडतो. तेल बदलावे, ओ-रिंगा आणि ड्रायरची बाटली नवी घालावी. जुन्या रबरी नळ्यांतून नवा गॅस झिरपतो, म्हणून नळ्याही बदललेल्या बऱ्या. नंतर व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवून आतली हवा आणि ओल काढावी, आणि पंप बंद केल्यावर काटा जागेवर राहतो का ते आपण स्वतः पाहावे. गॅस मोजूनच भरावा. पूर्वीइतकाच भरला तर दाब वाढतो. स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरून देणारा कोणी भेटला, तर तिथून सरळ निघावे. तो ज्वलनशील आहे आणि कॉइल गळली की गाडीतच साठतो.

हीटरची आपल्याकडे काय गरज, असे वाटेल. पण पनवेलच्या पावसात समोरची काच आतून धुरकट होते, तेव्हा एसी हवेतली ओल काढतो आणि गरम हवा काच साफ ठेवते. ज्या गाडीला हीटर आहे, तिच्यात इंजिनचे गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून फिरते. तो गळू लागला की गोडसर वास येतो, काचेवर चिकट थर बसतो आणि पायाखालचा गालिचा ओला होतो. ओल स्वच्छ आणि बिनवासाची असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते. ती साफ केली की झाले.

खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढताना मात्र एसी बंद ठेवावा. ४० अश्वशक्तीच्या इंजिनावर कॉम्प्रेसरचा भार पडतो आणि पुढचा कंडेन्सर रेडिएटरची हवाही तापवतो. तापमानाचा काटा चढू लागला तर हीटर आणि ब्लोअर पूर्ण उघडावा. आत उकडेल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडेल. मग सुरक्षित जागी थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. एसी चालू झाला म्हणून उभ्या गाडीत काचा लावून, इंजिन सुरू ठेवून मुलांना झोपवू नये. जुना सायलेन्सर फुटका असेल आणि गाडीच्या तळाला गंजून भोके पडली असतील, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. म्हणून एसीच्या कामाआधी सायलेन्सर आणि तळ दुरुस्त करून घ्यावा. पैसे थोडे असतील तर हे काम पहिले, गारवा नंतर. तोवर दाराच्या तिकोनी काचा आहेतच. त्या वळवल्या की चालत्या गाडीत वारा थेट अंगावर येतो.