वीज फक्त कोळशाच्या टनांवर नाही, जातीवरही चालते

सिहोरा : उन्हाळी धानाला पाणी द्यायच्या वेळीच लाईट गेली, की कानावर येतं, 'कोळसा कमी पडला.' पण कोळसा किती आला एवढंच विचारून भागत नाही. कोणता आला, हेही बघावं लागतं.

नदीपलीकडे तिरोड्यात 660 मेगावॅटचे पाच संच आहेत. अशा केंद्रात कोळसा दळून पिठासारखा करतात आणि हवेच्या झोतानं भट्टीत सोडतात. ती भुकटी साधारण एक-दोन सेकंदांतच जळावी लागते.

चुलीत तनस भुर्रकन पेटतं, बाभळीचं लाकूड सावकाश जळतं. कोळशाचंही तसंच. ज्यात पेट घेणारा वायू जास्त, तो लवकर जळतो. इंडोनेशियाचा बराच कोळसा असा असतो. राख कमी, पण ओल जास्त आणि चक्कीतच पेटायची भीती. आपल्या देशी कोळशात बहुतेक वेळा 30 ते 45 टक्के राख असते. ती जळत नाही, उलट उष्णता खाते. वायू कमी असलेला कोळसा जास्त बारीक दळावा लागतो, नाहीतर अर्धवट जळून राखेत जातो.

2022 च्या टंचाईत केंद्रानं 10 टक्के विदेशी कोळसा मिसळायला सांगितलं होतं. मिश्रण बदललं की दळण, हवा, सगळं नव्यानं जुळवावं लागतं. महाग कोळशाचा भार शेवटी घरच्या बिलात 'इंधन समायोजन आकार' म्हणून येऊ शकतो. पुढच्या बिलात ती ओळ नक्की बघा.