सज्ज्यातील उभी बाग

मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत राहणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला आता अंगण येत नाही. येतो तो चार-पाच फूट रुंदीचा सज्जा, आणि त्यातही कपडे वाळत घालण्याची दोरी, धुलाईयंत्र व एखादे जुने कपाट यांची वहिवाट अगोदरच कायम झालेली असते. अशा जागी ज्याला हिरवळीची आस आहे त्याने जमीन सोडून भिंतीकडे पाहावे, हा विचार सर्वथा योग्य आहे. आणि मांसल पानांच्या ज्या वनस्पती रोपवाटिकांत सक्युलंट या नावाने मिळतात त्यांच्याइतकी या कामास लायक दुसरी झाडे नाहीत, याविषयीही माझ्या मनात संदेह नाही. माझा आक्षेप आहे तो या बागा आपल्याकडे ज्या रीतीने उभारल्या जातात त्या रीतीला. चौकट परदेशी चित्रातली, रोपेही त्याच चित्रातली, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ज्याचा अंमल या मुलखावर असतो त्या पावसाचा विचार मात्र कोठेच नाही.

भिंतीवर झाडे लावण्याची आधुनिक कल्पना अमेरिकेतील स्टॅन्ली हार्ट व्हाइट या प्राध्यापकाने 1938 साली एकस्वाने नोंदविली, आणि फ्रान्सच्या पॅट्रिक ब्लाँ यांनी तिला जगभर कीर्ती मिळवून दिली. परंतु ब्लाँ यांच्या भिंतींना नळ्यांतून वारंवार पाणी झिरपत ठेवण्याचा कायम बंदोबस्त लागतो, आणि तो तुटला की काय होते हे आपल्या शहरांतील उड्डाणपुलांच्या खांबांवर वाळून गेलेल्या कुंड्या पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. मांसल वनस्पती या परावलंबनातून मुक्त आहेत, आणि त्याचे कारण त्यांच्या श्वसनमार्गांच्या विलक्षण दिनचर्येत आहे. इतर झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म रंध्रे उघडून हवा आत घेतात व त्याच वाटेने पाणी गमावतात. या वनस्पती ती रंध्रे उन्हात मिटून रात्री उघडतात, रात्री घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवितात, आणि दिवसा दारे बंद ठेवून त्यावर आपले अन्न शिजवितात. या घटनेचे पहिले टिपण भारतातच झाले, ही गोष्ट आपल्या वाचकांस फारशी ठाऊक नसावी. कंपनी सरकारच्या चाकरीत मद्रास इलाख्यात असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचे पान सकाळी चाखले तेव्हा ते आंबट लागले आणि दुपारी बेचव लागले. त्याचे हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने 1815 साली छापले.

रात्री श्वास घेणाऱ्या या झाडांना रात्र थंड व हवा खेळती लागते, आणि नेमकी येथेच एचेव्हेरियासारख्या जातींची गाठ आपल्या पावसाळ्याशी पडते. मेक्सिकोच्या उंच डोंगराळ भागातील ही देखणी, कमळाच्या आकाराची रोपे जानेवारीत आपल्या सज्ज्यात उत्तम दिसतात. जुलैतल्या दमट, उबदार रात्रींत मात्र त्यांची खालची पाने प्रथम काचेसारखी पारदर्शक होतात, बोट लागताच गळून पडतात, आणि रोप उचलून पाहावे तो बुंधा काळा पडून मऊ झालेला असतो. खतात किंवा औषधात या रोगाचा इलाज नाही. कोकणपट्टीत राहणाऱ्याने ही जात भिंतीच्या पावसाळी योजनेत धरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग नमुना कोणता डोळ्यांपुढे ठेवावा? तो जुन्नरच्या परिसरात, शिवनेरीच्या कड्यावर आहे. ज्या वनस्पतीला शिंदळ माकुडी किंवा शिवसुमन म्हणतात, आणि जिला डॅल्झेल या शास्त्रज्ञाने मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून फ्रेरिया इंडिका हे शास्त्रीय नाव दिले, ती महाराष्ट्राबाहेर जगात कोठेही निसर्गतः उगवत नाही. उभ्या काळ्या पाषाणाच्या कपारीत चिमूटभर मातीवर ती तगते. पावसाळ्यात तिला पाने येतात, तांबूस, पिवळ्या नक्षीची चांदणीसारखी फुले येतात, आणि उन्हाळ्यात पाने टाकून ती नुसत्या हिरव्या, मांसल खोडावर दिवस काढते. सह्याद्रीचा मुसळधार पाऊस तिला मारीत नाही, कारण कड्यावर पाणी कितीही कोसळले तरी ते थांबत नाही. पाणी यावे आणि तत्काळ निघून जावे, ही एक गोष्ट ज्याला साधली त्याची भिंत टिकली.

त्यासाठी लाकडी चौकट सुमारे दोन फूट लांब, दीड फूट रुंद व चार इंच खोल असली की पुरते; याहून मोठी केल्यास भिजल्यावर तिचे वजन खुंट्यांना पेलत नाही, आणि कठड्याच्या बाहेरच्या बाजूस तर काहीही टांगण्याची मुभा कोणी स्वतःस देऊ नये, कारण खालून माणसे जात असतात. भरणीत भरड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडा कोळसा मिळून दोन भाग असावेत व गांडूळखत मिसळलेली माती एक भाग. पाणी धरून ठेवणारे कोकोपीट, जे प्रत्येक विक्रेता आग्रहाने देतो, ते पावसाळी प्रदेशात टाळावे. वर तारेची जाळी ठोकून तिच्या घरांतून फांद्यांचे तुकडे खोचायचे, परंतु तोडल्याबरोबर नव्हे. तीन-चार दिवस सावलीत ठेवून कापलेल्या ओल्या तोंडावर करड्या रंगाची कोरडी साय धरली, म्हणजेच तो तुकडा मातीत जाण्यास योग्य झाला. पुढे महिना-दीड महिना चौकट आडवीच ठेवावी. मुळांनी माती बांधण्यापूर्वी ती उभी करण्याची घाई झाली तर सारी भरणी खाली घसरते. भिंत व चौकट यांत दोन बोटे अंतर राखले की वारा खेळतो व भिंतीला ओल येत नाही. वरून घातलेले पाणी शेवटी तळाशी जमते, म्हणून अत्यंत सोशिक झाडे वरच्या रांगेत आणि किंचित ओल चालणारी खालच्या रांगेत, असा क्रम ठेवावा.

झाडांची निवड करताना मी दुर्मीळतेला यत्किंचितही महत्त्व देणार नाही. पानफुटी मूळची मादागास्करची खरी, पण ती येथे पूर्ण रुळली आहे. कोरफडीची लहान पिल्ले, चिनी गुलाब आणि जिच्या जाड, लवदार पानांची भजी घरोघर होतात तो पानओवा, हे सर्व शेजारच्या कुंडीतून एक फांदी किंवा एक पिल्लू मागून आणण्याजोगे आहे. ज्यांच्या सज्ज्यात ऊन जेमतेम पोहोचते त्यांनी हावर्थिया लावावा. श्रावणात घोळ आपण होऊन उगवली तर उपटू नये. तीही मांसल पानांचीच आहे, आणि भाजीलाही होते.

एका बाबतीत मात्र कोणतीही सवलत देता कामा नये. गडकिल्ल्यांवरून शिवसुमन, कंदीलपुष्प किंवा कोणतीही वनस्पती उपटून आणणे हा अपराध आहे, मग आणणारा कितीही वृक्षप्रेमी असो. शिवसुमन खोडाच्या तुकड्यापासून वाढते, त्यामुळे कड्याला हात न लावता तिची रोपे हवी तितकी करता येतात. आणि महापालिकांच्या उद्यान विभागांनी व कृषी विद्यापीठांनी संवर्धित मातृरोपांपासून ती तयार करून माफक किमतीत नागरिकांना द्यावीत, ही मागणी मी येथे जाहीरपणे करीत आहे. दसऱ्यानंतर, पाऊस ओसरून हवा कोरडी होऊ लागते तेव्हा, ही रोपे विक्रीस आली तर चौकट भरण्यास तोच काळ उत्तम, कारण पुढच्या मृगापूर्वी मुळे धरण्यास त्यांना सात-आठ महिने मिळतात.